तारीख कागदावरची, तारीख कोर्टातली

(स्मृती व्याख्यानमालेत कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या भाऊंना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझी वकिली नवी होती आणि त्यांच्या उद्यमनगरातल्या शॉपमध्ये तीन लेथ चालत होत्या. मी कसले तरी कागद न्यायला गेलो होतो. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी भाऊ टेबलाशी बसले, दिवसभरात गेलेल्या मालाची चलनं त्यांनी एकेक करून पाहिली आणि एक चलन बाजूला काढून कामावरच्या पोराला म्हणाले, "सही आहे, शिक्का आहे, तारीख कुठाय? उद्या सकाळी आधी जाऊन तारीख घालून आण." पोरगा कुरकुरला. एवढ्यासाठी परत शिरोलीपर्यंत जायचं? मलाही ते जरा अतीच वाटलं. त्या तारखेची किंमत कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. आज मी जे बोलणार आहे ते त्या एका रिकाम्या रकान्याविषयी आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या घरात शाळेत जाणाऱ्या पोरालाही पाठ असते. तिच्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे आणि वकील असूनही मी ती खोटी म्हणणार नाही. दाव्यात पैसा जातो, पण त्याहून जास्त माणसाचं लक्ष जातं. ज्याचं दुकान एकट्याच्या डोळ्यांवर चालतं, तो तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात उभा असतो आणि मागे मशीन बंद असतं. पण या म्हणीतून आपण एक भलताच अर्थ काढला. कोर्टात जायचं नाही, म्हणजे कायद्याशी आपलं काही देणंघेणं नाही, असं आपण धरून चाललो. कायदा तर तुम्ही पहिला माल टेम्पोत चढवला त्याच दिवशी सुरू झालेला असतो. तुमच्या चलनबुकात, भाडेपावतीत, भावाबरोबर केलेल्या तोंडी वाटणीत तो बसलेला असतो. कोर्ट हा त्या वाटेवरचा अगदी शेवटचा मुक्काम. इतक्या वर्षांच्या वकिलीतून मला जे कळलं ते एका वाक्यात सांगतो: कागदावर एक तारीख नसली, की कोर्टात शंभर तारखा पडतात.

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा आहे, म्हणून एक जुना प्रसंग आठवतो. १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच वर्षी, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत हे लोण पसरलं. त्या उठावात लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकाराच्या पेटीतले कर्जरोखे, खतं, हुकूमनामे बाहेर काढायचे आणि जाळायचे. कारण तो कागद सावकाराने लिहिलेला, सावकाराच्या पेटीत ठेवलेला आणि कोर्टात सावकारासाठीच बोलणारा होता. कर्जदाराने किती फेडलं, कधी फेडलं, याचा कागद कर्जदाराकडे नव्हता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातल्या तरतुदी आज वाचताना मला फार शहाण्या वाटतात. दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा. पैसे फेडणाऱ्याला लेखी पावती मिळावी. त्याला हिशेबाचा उतारा मागता यावा. दावा दाखल होण्याआधी प्रकरण तडजोड करणाऱ्या पंचाकडे जावं. आणि न्यायाधीशाने नुसता रोखा वाचून हुकूमनामा देऊ नये, त्यामागचा खरा व्यवहार तपासावा. याच कायद्याखाली रानड्यांनी पुढे विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

मी ही गोष्ट का सांगतो? आज तुमच्या व्यवहाराचा कागद कोणाच्या पेटीत आहे, ते पाहा. परचेस ऑर्डर त्यांची. गेटवरचं रजिस्टर त्यांचं. माल तपासल्याची नोंद त्यांच्या संगणकात. रिजेक्शन किती, ते त्यांचा क्वालिटी विभाग ठरवणार आणि डेबिट नोट त्यांचा अकाउंट विभाग काढणार. तुमच्याकडे उरतं ते फक्त चलनाचं एक पिवळं पान, आणि त्यावर तारखेचा रकाना रिकामा.

साधारण २००९ साली एक लेथवाले माझ्याकडे आले. कास्टिंगचं मशिनिंग करायचे, दोन लेथ, नऊ कामगार. एका मोठ्या कंपनीकडे त्यांचे ६ लाख ४० हजार अडकले होते. अकरा खेपा माल गेला होता, पहिल्या चार खेपांचे पैसे आले आणि मग थांबले. आठ महिने ते दर सोमवारी फोन करत होते. साहेब मीटिंगमध्ये आहेत, फाइल वर गेली आहे, पुढच्या आठवड्यात बघू. शेवटी त्यांनी जरा जोर लावल्यावर कंपनीकडून डेबिट नोट आली: माल सदोष आहे, पैसे देणं लागत नाही. मी चलनं मागितली. सातही चलनांवर गेटचा शिक्का होता, वॉचमनची सही होती, आणि तारीख एकावरही नव्हती. गेटवर टेम्पोची रांग असते, वॉचमन घाईत असतो, ड्रायव्हरला दुसरी खेप असते. कोण थांबणार?

कायदा त्यांच्या बाजूचा होता. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ म्हणतो, की माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं धरलं जाईल. आठ महिन्यांनी काढलेल्या डेबिट नोटीला त्यापुढे काही अर्थ उरला नसता. पण माल पोहोचला कधी? कंपनी म्हणाली, यातला बराचसा माल अलीकडेच आला, आणि आमची हरकत वेळेत आहे. गेटचं रजिस्टर त्यांच्याकडे. त्यातच आमच्या माणसाने त्या काळची उद्योग म्हणून करायची नोंदणीही केलेली नव्हती. त्यामुळे त्या कायद्याचा दरवाजा बंद झाला आणि आम्ही दिवाणी दाव्यात गेलो. सात वर्षं. शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली, व्याज सोडून मुद्दल मिळालं. तोवर त्यांनी बँकेचं कॅश क्रेडिट फेडायला एक लेथ विकली होती आणि नऊ कामगारांचे चार झाले होते. तडजोडीच्या कागदावर सही करताना त्यांनी आधी तारीख घातली, मग सही केली. ते पाहिलं आणि मला भाऊंच्या शॉपमधली ती संध्याकाळ आठवली.

म्हणून हा २००६ चा कायदा जरा सविस्तर सांगतो. तो तुमचा आहे आणि तुमच्यातले बरेच जण तो वापरत नाहीत.

सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल दिला किंवा सेवा दिली, तर खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत लेखी करारातसुद्धा ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. तुमच्या ऑर्डरवर ९० दिवस किंवा १२० दिवस छापलेले असतील तरी कायदा ४५ दिवसच मोजतो. त्यानंतर थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ होत, व्याज चढतं. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी हे व्याज द्यावं लागतं. पैसे मिळत नसतील तर राज्य सरकारच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. परिषद आधी समेट घडवते, तो झाला नाही तर लवादाने निकाल देते, आणि कायद्याने तिला ९० दिवसांत निर्णय द्यायला सांगितलं आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागतो, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण निकाल तुमच्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला तो कोर्टात आव्हानित करायचा असेल, तर आधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. वेळ काढून दमवायचं, हे ज्याचं हत्यार आहे त्याला ही अट जड जाते.

यात तीन खाचखळगे आहेत. पहिला: हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यम उद्योगांना नाही. दुसरा: घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी करता येते, पण त्यांना लाभ मिळतो तो प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. थकीत पैशांची ही तरतूद त्यांना मिळत नाही. नोंदणीचा दाखला भिंतीवर लावून बरेच व्यापारी निर्धास्त असतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं. तिसरा, सगळ्यांत महत्त्वाचा: नोंदणी कधीची? माल दिल्यानंतर नोंदणी करून जुन्या पुरवठ्यासाठी हा कायदा वापरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ च्या निकालांत म्हटलं. २०२५ च्या जानेवारीत हा प्रश्न पुन्हा मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. कायद्याचा अर्थ कुठेही वळो, तुम्ही त्या वादात कशाला सापडायचं? उद्यम नोंदणी फुकट आहे, घरबसल्या होते. इथंही प्रश्न तारखेचाच आहे: दाखल्यावरची तारीख आधीची की चलनावरची?

आता तुमच्या मनातला प्रश्न. "वकीलसाहेब, कायदा आहे हे खरं, पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर मिळणार नाही." हे मी शेकडो वेळा ऐकलं आहे आणि यात भित्रेपणा आहे असं मी कधी म्हणालो नाही. ज्याच्या शॉपचं सत्तर-ऐंशी टक्के काम एकाच कंपनीचं आहे, त्याने त्या कंपनीविरुद्ध अर्ज करणं म्हणजे स्वतःचं शटर ओढणं. कायदा करणाऱ्यांनाही हे उशिरा का होईना कळलं. म्हणून अलीकडे अशा तरतुदी आल्या ज्यांत तक्रार तुम्हाला करावी लागत नाही. २०२३ च्या वित्त कायद्याने असं ठरवलं, की सूक्ष्म आणि लघु उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत, तर त्या खर्चाची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी प्राप्तिकरात मिळणार नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळेल. ४५ दिवसांपेक्षा जास्त थकलेल्या रकमांचा सहामाही तपशील कंपन्यांना कंपनी निबंधकाकडे द्यावा लागतो. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्स या बिलवटावाच्या व्यासपीठावर नोंदणी सक्तीची झाली आहे. तिथे खरेदीदाराने बिल मान्य केलं, की बँक तुम्हाला लगेच पैसे देते आणि मुदत संपल्यावर खरेदीदाराकडून वसूल करते.

यातलं काहीच परिपूर्ण नाही. कराची तरतूद आल्यावर काही खरेदीदारांनी नोंदणी नसलेल्या पुरवठादाराकडे वळण्याचा मार्ग काढला, काहींनी तर नोंदणी रद्द करा असं सुचवलं. माझी हात जोडून विनंती आहे, हे मान्य करू नका. आजच्या एका ऑर्डरसाठी तुम्ही नोंदणी सोडली, तर उद्या सगळ्या गावाला ती सोडावी लागेल. आणि तुमच्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. तो छापलेला असला, की समोरच्या कंपनीचा लेखापरीक्षकच तुमच्या वतीने विचारतो: यांचे पैसे ४५ दिवसांत दिले का?

ज्यांना हा कायदा लागू नाही, त्यांच्यासाठी १९६३ चा मुदतीचा कायदा आहे आणि तो दोन्ही बाजूंना कापतो. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा साधारणपणे ३ वर्षांत करावा लागतो. संबंध बिघडू नयेत म्हणून थांबलेला माणूस बहुधा चौथ्या वर्षी माझ्याकडे येतो. तेव्हा येणं खरं असतं, समोरचा ते मनात मान्यही करत असतो, पण मागायचा हक्क संपलेला असतो. यावरचा उपाय आपल्या जुन्या व्यापाऱ्यांना ठाऊक होता. वर्षाच्या शेवटी खातेउतारा पाठवायचा आणि "बाकी बरोबर आहे" म्हणून समोरच्याची सही घ्यायची. मुदत संपायच्या आत घेतलेली अशी लेखी कबुली मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावते. सहीखाली तारीख मात्र हवी. दर ३१ मार्चनंतर हे केलंत, तर भांडण न करता तुमचा हक्क जिवंत राहतो.

चेकबद्दल आता बोलतो, कारण छोट्या व्यवसायातले सगळ्यांत जास्त लोक फौजदारी कोर्टात येतात ते इथूनच. चेक वटला नाही, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस. ते संपल्यापासून एक महिन्यात तक्रार. तीन तारखा, आणि एकीची चूक पुढच्या सगळ्यांना भोवते. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाला विनवता येतं, नोटिशीच्या ३० दिवसांना तशी सवलत कायद्याने ठेवलेली नाही. तो पुन्हा भरतो म्हणाला, पुढच्या सोमवारी देतो म्हणाला, म्हणून थांबलेले कितीतरी जण तिथेच हरतात.

पण मला जास्त काळजी वाटते ती चेक देणाऱ्यांची. कच्चा माल उधारीवर मिळावा म्हणून तुम्ही सही केलेला कोरा चेक देता आणि विसरता. तीन वर्षांनी भांडण होतं आणि त्या चेकवर रक्कम भरली जाते. सही तुमची असेल तर तो चेक देण्यापोटीच दिला असं कायदा गृहीत धरतो, आणि कोऱ्या चेकवर दुसऱ्याने रक्कम भरली तरी हे गृहीतक उरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलं आहे. ते खोडून काढायचं ओझं तुमच्यावर येतं. सुरक्षेपोटी चेक द्यावाच लागला, तर सोबत एक पत्र द्या: अमुक क्रमांकाचा चेक, अमुक तारखेला, अमुक व्यवहाराच्या हमीसाठी दिला. त्याची पोच घ्या. व्यवहार संपला की चेक परत मागा.

आणि घरातल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. योजनेसाठी, करासाठी, कर्जासाठी दुकान बायकोच्या नावावर असतं. व्यवहार नवरा करतो, सांगेल तिथे सही ती करते. खातं तिच्या नावावर, सही तिची, म्हणजे आरोपीही तीच. ज्या माउलीने त्या खरेदीदाराचं तोंडही पाहिलेलं नाही, तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहताना मी पाहिलं आहे. आपल्या घरातली बाई मालक असेल तर तिला मालकासारखी माहिती द्या. हिशेब दाखवा, कशावर सही करतेय ते वाचू द्या. तिला न सांगता तिची सही घेणं हा तिच्यावर अन्याय आहे, मग नवरा मनाने कितीही चांगला असो.

भागीदारीचंही तसंच. दोन भाऊ, किंवा दोन जिवलग मित्र, विश्वासावर धंदा काढतात. विश्वास हवाच. पण १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ नुसार नोंदणी न केलेल्या पेढीला करारातून येणाऱ्या पैशांसाठी बाहेरच्या माणसावर दावा करता येत नाही. तुमच्यावर मात्र दावा होऊ शकतो. दोघांच्या भागीदारीत एकाचं निधन झालं, तर पेढीच संपते, आणि दुःखाच्या त्या दिवसांत वहिनी आणि दीर एकमेकांसमोर कागद नसताना हिशेबाला बसतात. भाऊबंदकीचे जे दावे मी चालवले, त्यांतल्या बऱ्याच दाव्यांत माणसं वाईट नव्हती. प्रत्येकाला वेगळं आठवत होतं, इतकंच. कागद आठवणीचं भांडण मिटवतो. सगळं गोड असताना लिहा, तेव्हाच न्यायाने लिहिलं जातं.

भाड्याच्या गाळ्यालाही हाच न्याय लागू पडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ म्हणतो, की भाडेकरार किंवा परवान्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. तुमच्यातले काही भाडेकरू आहेत, काही गाळ्याचे मालक आहेत. दोघांनाही सांगतो, नोंदणीचा खर्च दाव्यातल्या पहिल्या तारखेच्या खर्चापेक्षा फार नसतो.

आतापर्यंत तुम्ही मागणारे होतात. तुमच्यावरच दावा आला तर? पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन आला की ते न घेण्याची आपल्याकडे एक जुनी समजूत आहे: घेतलं नाही म्हणजे लागू नाही. ती समजूत मनातून काढून टाका. नाकारलेलं समन्स बजावलं गेलं असंच धरता येतं आणि मग तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा होतो. ३ लाख आणि त्याहून मोठ्या रकमेच्या व्यापारी वादांत कैफियत द्यायला ३० दिवस असतात, कोर्टाने वाढवले तरी १२० दिवसांपुढे हक्कच जातो. वस्तू आणि सेवा कराच्या नोटिसा तर पाकिटातही येत नाहीत, त्या पोर्टलवर चढतात. ज्यांनी लॉगिन आणि पासवर्ड पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती दिले आहेत, त्यांनी आठवड्यातून एकदा स्वतः पोर्टल उघडावं. अपिलाला तीन महिने असतात, आणि ते आदेश तुमच्या हाती आल्यापासून मोजले जातात. पोर्टल तुम्ही उघडलं नाहीत म्हणून आदेश हाती आला नाही, हे म्हणणं ऐकून घेतलं जाईलच असं नाही.

याच व्यापारी वादांत २०१८ पासून एक चांगली सोय झाली आहे. तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दावा करण्याआधी विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थीला जावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ही अट सक्तीची असल्याचं सांगितलं. काही वकील तिला आडकाठी मानतात. मला तीत १८७९ चा तो पंच दिसतो. एका टेबलाशी, तिसऱ्या माणसासमोर बसलं, की वर्षानुवर्षं फोन न उचलणारा माणूसही बोलतो. तिथे झालेल्या तडजोडीला लवादाच्या निकालाइतकं बळ असतं. या मध्यस्थीला केवळ हजेरी लावायला जाऊ नका. कागद घेऊन जा, आणि किती सोडायची तयारी आहे ते घरी ठरवून जा.

आता शेवटचं, आपण सगळ्यांनी मिळून करायचं काम. १८ ऑगस्ट २०२५ पासून या शहरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी त्याची मागणी करण्यात वकिलांच्या आणि नागरिकांच्या कित्येक पिढ्या गेल्या. माझ्यासमोरच्या कित्येक अशिलांनी केवळ मुंबईच्या खेपा परवडत नाहीत म्हणून हक्काचं अपील सोडून दिलं होतं. आज ते एसटीने सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाऊ शकतात. न्याय जवळ आला की माणसाचं धैर्य वाढतं. मग तो आणखी जवळ का आणू नये? आपल्या औद्योगिक संघटनांनी आठवड्यातून एक संध्याकाळ एक टेबल मांडावं. त्यावर सभासदांच्या थकबाकीची नोंद व्हावी, सुविधा परिषदेचा अर्ज तिथे भरून मिळावा, चलनाचा आणि भागीदारीपत्राचा चांगला नमुना मिळावा. एकट्या पुरवठादाराने पत्र लिहिलं तर त्याची ऑर्डर जाते. संघटनेने सगळ्या सभासदांच्या वतीने ४५ दिवसांची आठवण करून देणारं पत्र प्रत्येक मोठ्या खरेदीदाराला पाठवलं, तर ऑर्डर कोणाची काढणार? या टेबलाशी दर पंधरवड्याला मी स्वतः विनामोबदला बसेन. हे मी भाषणात म्हणतोय म्हणून नव्हे, संयोजकांना लिहून दिलं आहे.

त्या लेथवाल्यांची गोष्ट मी अर्धी सांगितली. ते पुन्हा उभे राहिले. आता त्यांचा मुलगा शॉप पाहतो. गेल्या वर्षी मी तिथे गेलो तेव्हा भिंतीवर देवाच्या तसबिरीखाली एक पाटी होती, हाताने रंगवलेली: चलन परत आल्यावर सही, शिक्का, तारीख बघूनच टेम्पोवाल्याचं भाडं द्यावं. मुलाने सांगितलं, सुरुवातीला ड्रायव्हर वैतागले. आता गेटवर तेच वॉचमनला थांबवतात आणि म्हणतात, तारीख घाला, नाहीतर मला भाडं मिळत नाही. जे काम सात वर्षांच्या दाव्याने झालं नाही, ते त्या पाटीने केलं. कागद लिहिण्यात तिने ड्रायव्हरचाही वाटा ठेवला.

भाऊंच्या त्या पोराने दुसऱ्या दिवशी शिरोलीला जाऊन तारीख आणली होती. तिचा पुढे कधी उपयोग झाला नाही, कारण त्या बिलाचे पैसे वेळेवर आले. चांगल्या तारखेचं असंच असतं. ती बहुतेक वेळा कोणी वाचत नाही. उद्या सकाळी दुकान उघडल्यावर तुमच्या चलनबुकातलं कालचं पान एकदा उलटून पाहा, आणि रकाना रिकामा असेल तर कोणाला तरी गाडी काढायला सांगा.